ब्रेकवरचा हात

सून घरात आली तेव्हा मुकादमाने तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. ती त्याच्या कामावर आली, त्या दिवशी मात्र त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, आणि जे दिसलं ते त्याला मुळीच आवडलं नाही. नवं हेल्मेट, नवे बूट, हातात चहाचा कागदी कप आणि तोंडात आकडे.

मुकादम एकतीस वर्षं सर्वेक्षणाच्या टोळ्यांवर होता. जमिनीच्या पोटात काय आहे ते न खणता शोधायचं, हे त्या टोळ्यांचं काम. दणक्या नावाचा एक अवजड ट्रक जमिनीवर पोलादी पाट टेकवून ती थरथरवायचा. थरथर खाली जायची, खडकाच्या थरांवर आपटून परत वर यायची, आणि मुकादमाच्या माणसांनी रोवलेले जिओफोन ती टिपायचे. जिओफोन म्हणजे मुठीएवढी डबी आणि तिला खाली टोकदार खिळा. माणसं त्याला नुसतं फोन म्हणत. घरी कोणी पाहुणा आला आणि हे काय करतात म्हणून विचारलं, तर मुकादमाची बायको सांगायची, "दिवसभर फोन लावतात, पण उचलत कोणी नाही."

फोन रोवणं हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. वरचं गवत खरवडून काढायचं, खिळा सरळ घालायचा, टाचेने दोनदाच दाबायचं. जास्त दाबलं तर डबी कलते, कमी दाबलं तर वाऱ्याने हलते. नुसता तळहात डबीवर ठेवून कुठला फोन सैल आहे ते मुकादम सांगायचा आणि त्याचं कधी चुकत नसे. त्याच्या हाताखाली बत्तीस माणसं होती. त्यात त्याचा एकुलता एक मुलगाही होता. तो तुटलेल्या वायरी जोडायचा.

यावेळचं काम गावाबाहेरच्या मोठ्या माळावर होतं. माळाखाली खोलवर गरम पाणी आहे असा कंपनीचा अंदाज होता. नऊशे मीटरची एक विहीर, म्हणजे जेमतेम फूटभर रुंदीचं भोक, आधीच पाडून झाली होती. पाणी नेमकं कुठल्या थरात आहे ते शोधायचं होतं. आणि कंपनीने यावेळी फोनांबरोबर काचेची तारही मागवली होती. तार सांभाळायला जी तज्ज्ञ आली, ती मुकादमाची सून.

पहिल्याच बैठकीत तिने सगळ्यांना समजावून सांगितलं. नारिंगी वेष्टनाच्या आत केसाएवढी काच असते. एका टोकाने तिच्यात प्रकाश सोडायचा. काचेच्या प्रत्येक बिंदूवरून थोडा थोडा प्रकाश मागे फिरतो. जमीन हलली की तिथली काच कणभर ताणली जाते आणि मागे येणारा प्रकाश बदलतो. गाडीतलं यंत्र तो बदल वाचतं.

"म्हणजे तीन किलोमीटर तारेत तीन हजार फोन झाले," ती म्हणाली. "आणि पुरायला सहा माणसं पुरतात."

मागे बत्तीस माणसं उभी होती. मुकादमाने मान वळवून मुलाकडे पाहिलं. मुलगा बुटांची नाडी बांधायला खाली वाकला होता, आणि ती नाडी आधीच बांधलेली होती.

त्या दिवसापासून मुकादमाने सुनेशी घरात बोलणं टाकलं. ताटावर बसला की बायकोला म्हणायचा, "तिला विचार, पाणी देणार आहे का." सून समोरच बसलेली असायची. ती पाण्याचं भांडं उचलून त्याच्यासमोर ठेवायची, तीही काही न बोलता, आणि जरा जोरात. कामावर बोलावंच लागायचं, ते रेडिओवर. घरी ती त्याला बाबा म्हणायची, पण माळावर सगळ्यांसारखी "मुकादम" म्हणायची. तिच्या मते ते योग्य होतं, कामावर नातं आणू नये. त्याला मात्र ते चपराकीसारखं लागायचं. त्याने उलट तिला "मॅडम" म्हणायला सुरुवात केली, आणि तो शब्द असा काही उच्चारायचा की टोळीतली माणसं तोंड फिरवून हसत.

"एवढं काय घोडं मारलंय तिने तुमचं?" बायकोने एकदा विचारलं.

"बत्तीस जणांच्या पोटावर पाय देतेय आणि वर हसून आकडे सांगतेय."

"ती नाही आली तर दुसरा कोणी येईल."

"येऊ दे. दुसरा माझ्या घरात जेवणार नाही."

आठवड्याने तारेचे ड्रम आले. सामान उतरवून घेणं, बघणं आणि पावतीवर सही करणं हे मुकादमाचं काम होतं. सून तेव्हा विहिरीपाशी मोजमाप घेत होती. लाकडी ड्रमच्या बाजूला पत्र्याची छोटी पाटी होती. ती त्याने वाचली, मग पावती वाचली, मग पुन्हा पाटी वाचली.

तार दोन प्रकारची असते, हे त्याला सहा वर्षांपूर्वी एका दुसऱ्या कामावर कळलं होतं. एकीत काच सरळ जाते. ती जमिनीत आडवी पुरली तर खालून उभी वर येणारी लाट तिला बाजूने लागते, काच ताणली जात नाही, आणि लाट आली काय नि गेली काय, तिला पत्ता लागत नाही. दुसरीत काच गाभ्याभोवती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. तिला लाट कुठूनही लागली तरी कळते. बाहेरून दोन्ही सारख्याच नारिंगी. पावतीवर वेटोळ्याची तार लिहिली होती. पाट्यांवर सरळ.

रेडिओ खरखरला. "मुकादम, ड्रम आले का?"

"आले."

"सगळं ठीक आहे ना?"

"आले म्हटलं ना, मॅडम."

त्याने सही केली. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, असं त्याने स्वतःला सांगितलं. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला.

दोन दिवस सहा माणसं तार पुरत होती. नांगरासारखं एक यंत्र पुढे चर पाडत जायचं, मागून तार आत पडायची, आणि त्यामागून माती लोटायची. मुकादमाची माणसं शेजारीच, पाच पाच मीटरवर फोन रोवत होती. सून दोन्हीकडे लक्ष ठेवत धावपळ करत होती. तिच्या कपाळावर माती होती आणि ती खुशीत होती. मुकादम तिला दुरून बघत होता. उंदीर पिंजऱ्यात शिरताना बघावा तसा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने तार तपासली. तपासणीत आतल्या काचेची लांबी मोजली जाते. ती बरोबर तीन किलोमीटर भरली, तारेच्या लांबीएवढी. वेटोळ्याची असती तर काच तारेपेक्षा बरीच लांब भरली असती. सून गाडीतून उतरली, रिकाम्या ड्रमपाशी गेली, गुडघ्यावर बसून पाटी वाचली. मग तिथून तडक माळ ओलांडून टोळी चहा पीत बसली होती तिथे आली.

"पाटी तुम्ही वाचली होती?"

"वाचली होती."

"मग बोलला का नाहीत?"

मुकादमाने कपातला चहा संपवला. "मला विचारलं नाहीस."

"मी विचारलं, सगळं ठीक आहे का म्हणून."

"ड्रम ठीकच होते. एकाची फळीसुद्धा फुटलेली नव्हती."

माणसांत खसखस पिकली. मुलगा हसला नाही. तो उठून बायकोजवळ गेला, पण तिने त्याचा हात झटकला आणि ती चीफच्या कंटेनरकडे चालू लागली.

मुकादमही मागोमाग गेला. चीफ हा सगळ्या कामाचा प्रमुख; सदा अपुऱ्या झोपेतला माणूस, टेबलावर नकाशांचा ढीग आणि त्यावर अर्धी खाल्लेली बिस्किटं. सून आता आपल्या नावाने खडे फोडणार, या तयारीने मुकादम दाराशी उभा राहिला. उत्तरं त्याने चालता चालता जुळवून ठेवली होती.

"तार चुकीची पुरली गेली," ती चीफला म्हणाली. "खालच्या थरांसाठी तिचा उपयोग नाही. पाटी मी स्वतः बघायला हवी होती. चूक माझी."

मुकादमाचं नाव तिने घेतलंच नाही. जुळवलेली उत्तरं त्याच्या तोंडात तशीच राहिली, आणि त्यामुळे त्याला जास्तच राग आला. आता तिच्यापुढे आपण लहान ठरलो, असं त्याला वाटलं; आणि तेही तिने मुद्दाम केलं, असं वाटलं.

"पण एक करता येईल," ती पुढे म्हणाली. "एक हजार मीटरचा जादा ड्रम आहे. तीही सरळच तार आहे. ती विहिरीत उभी सोडू. मग खालून येणारी लाट तिच्या लांबीने धावेल, आणि तिथे सरळ तारच सगळ्यात चांगली. परवा खोदाईवाले परत येतात. उद्याचा दिवस आहे."

चीफने विचार केला. विंचवर, म्हणजे ड्रम फिरवून तार सोडणाऱ्या यंत्रावर, कोणाला बसवायचं, हा प्रश्न होता. विहिरीत वजन लावलेली तार सोडायची म्हणजे ब्रेकवर जाणता हात हवा. आणि माळावर असा एकच हात होता. तरुणपणी मुकादमाने चार वर्षं विहिरींच्या विंचवर काढली होती.

"तुम्ही बसाल ना?" चीफने विचारलं.

"सांगाल ते करतो," मुकादम म्हणाला.

सुनेने त्याच्याकडे पाहिलं. तिला तो नको होता, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण दुसरं कोणी नव्हतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाभोवती चौघं जेवायला बसली. मुलगा म्हणाला, "बाबा, उद्या मी विहिरीच्या तोंडाशी उभा राहतोय. तार कप्पीवरून नीट उतरते का बघायला."

"तुला कोणी सांगितलं?"

"मीच म्हटलं."

"बायकोच्या दिमतीला."

"कामाला," मुलगा म्हणाला. "तुम्ही ब्रेकवर, ती गाडीत, मधे कोणीतरी पाहिजे ना?"

सुनेने घास खाली ठेवला आणि त्या महिन्यात पहिल्यांदा घरात सरळ सासऱ्याशी बोलली. "बाबा, माझ्यावर काय राग काढायचा तो काढा. उद्या नको. उद्या माझा आवाज आला की लगेच ब्रेक लागला पाहिजे. प्रश्न विचारायचे नाहीत."

मुकादम बायकोकडे वळला. "तिला सांग, ही जन्मली नव्हती तेव्हापासून मी ब्रेक मारतोय."

"तुम्हीच सांगा," बायको म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला काम सुरू झालं. ऊन स्वच्छ होतं, वारा नव्हता. विंच विहिरीपासून वीसेक पावलांवर. त्यावर ड्रम, ड्रमवरून तार निघून तिकाटण्याच्या कप्पीवरून विहिरीत उतरत होती. टोकाला चाळीस किलोचं लोखंडी वजन. ड्रमच्या मध्यात फिरता जोड होता, त्यामुळे तार उतरत असतानाही सुनेचं यंत्र तिच्याशी बोलत होतं. ती तिच्या गाडीत पडद्यासमोर बसली होती. गाडीचं दार उघडं होतं आणि मुकादमाला विंचवरून तिची बाजू दिसत होती.

पहिले पाचशे मीटर तार लोण्यासारखी उतरली. मुकादमाचा हात ब्रेकच्या दांड्यावर होता. इतक्या वर्षांनीही हाताला सगळं आठवत होतं. ड्रम जरा पळायला लागला की चिमूटभर दाब, मग सैल. खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती, आणि मजा येतेय याचाच त्याला राग येत होता. कारण हे काम तिचं होतं. हे जमलं की पुढच्या हंगामात बत्तीस माणसं लागणार नव्हती, आणि ते त्याच्याच हाताने जमत होतं.

"मुकादम, सहाशे. हळू घ्या," रेडिओवर आवाज आला.

त्याने हळू घेतलं.

सहाशे चाळीसच्या आसपास विहिरीच्या भिंतीला एक कंगोरा होता. वजन त्यावर टेकलं. वर कोणाला काही कळलं नाही, कप्पी फिरतच होती. पण सुनेच्या पडद्यावर तारेचा ताण एकदम नाहीसा झाला. खाली वजन थांबलं होतं आणि वरून तार सुटतच होती.

"मुकादम, ब्रेक."

त्याचा हात आवाजाबरोबर दाबला गेला. दांडा खाली गेला, ड्रम कचकन अडखळला. आणि मग त्याने हात सैल सोडला.

असं का केलं, ते त्याला नंतर पुष्कळांनी विचारलं. तेव्हा त्याच्या मनात जे होतं ते एवढंच होतं, की तिने पुन्हा म्हणावं. हुकूम सोडल्यासारखं म्हणाली होती. आता जरा घाबरून म्हणू दे. तो तिच्या गाडीकडे बघत होता. ती खुर्चीतून अर्धी उठली होती.

"मुकादम, ब्रेक. तार ढिली पडतेय, ब्रेक लावा."

ड्रम फिरत होता. विहिरीच्या तोंडाशी तारेची वेटोळी साचायला लागली. तार कडेवर दुमडली तर आतली काच तुटणार, म्हणून मुलगा पुढे झाला आणि दोन्ही हातांनी वेटोळी उचलून धरायला लागला. मुकादमाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"बाबा, ब्रेक लावा ना." तिचा आवाज फाटला होता.

तेव्हा त्याने दांडा पूर्ण दाबला. त्याच क्षणी खाली वजन कंगोऱ्यावरून घसरलं. चाळीस किलो लोखंड पाच मीटर मोकळं पडलं आणि वर साचलेली सगळी तार चाबकासारखी विहिरीत ओढली गेली. मुलाचा उजवा हात वेटोळ्यात होता. तो ओरडलासुद्धा नाही. एकदम खाली बसला आणि हाताकडे बघत राहिला.

त्याची दोन बोटं गेली, तिसरं डॉक्टरांनी कसंबसं वाचवलं.

इस्पितळाच्या लांब कॉरिडॉरमध्ये हिरव्या खुर्च्या होत्या. मुकादम एका टोकाला बसला, सून दुसऱ्या टोकाला. मधल्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बायको आली, दोघांकडे बघितलं आणि सुनेशेजारी जाऊन बसली. तिने नवऱ्याला एकही प्रश्न विचारला नाही. त्याला वाटत होतं की तिने विचारावं, म्हणजे रेडिओ नीट चालत नव्हता असं सांगता येईल. ते वाक्य त्याने गाडीतच तयार केलं होतं.

ते पहिल्यांदा वापरलं ते चीफसमोर. "इंजिनाचा आवाज होता. रेडिओ खरखरत होता. ऐकू आलं नाही." टोळीतल्या उंच्याने लगेच मान डोलावली, त्याचाही रेडिओ सकाळपासून खरखरत होता म्हणाला. आणखी दोघं तसंच म्हणाले. चीफने लिहून घेतलं. त्यालाही तेच सोयीचं होतं; बिघडलेल्या रेडिओवर कोणी संतापत नाही.

सून दुसऱ्या दिवशी कामावर गेली. नवरा इस्पितळात आणि ही कामावर, असं शेजारी म्हणाले. पण तिला विहिरीत अडकलेली तार सोडून देता येत नव्हती. दुमडलेला तुकडा तिने कापून काढला, विहिरीच्या तोंडाशी बसून काच काचेला जोडली, आणि वजन जिथे होतं तिथेच, साडेसहाशे मीटरवर, ठेवून मोजणी केली. दणक्या दिवसभर माळावर फिरत होता. नऊशे मीटरपर्यंत जायची गरजच पडली नाही. खालचा एकेक थर पडद्यावर रेघ ओढल्यासारखा उमटला, गरम पाण्याचा थर कुठला तेही कळलं. फोनांच्या टोळीला त्या कामाला बारा दिवस लागले असते.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी ती घरी आली तेव्हा मुकादम अंगणाच्या पायरीवर बसला होता. तिने त्याच्यासमोर एक कागद धरला. कागदावर उभ्याआडव्या करड्या रेघा होत्या.

"तार विहिरीत उतरत होती तेव्हा यंत्र चालू होतं," ती म्हणाली. "ड्रमचा प्रत्येक धक्का नोंदला गेलाय. हा बघा, मी पहिल्यांदा ब्रेक म्हटलं तो क्षण. इथे ब्रेक लागला. अर्धा सेकंद. मग सुटला. पुढे अकरा सेकंद काही नाही. मग हा."

तिचं बोट शेवटच्या जाड रेघेवर थांबलं. मुकादमाने त्या रेघेकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"ऐकू आलं नसतं तर पहिला ब्रेक लागलाच नसता," ती म्हणाली.

तिने कागद परत घेतला.

"मी हा कागद उद्या देणार आहे. तुम्हाला दाखवायला आणला, तो दया आली म्हणून नाही. ड्रमच्या वेळी मी तुमचं नाव घेतलं नाही, ती माझी चूक झाली. तेव्हाच घेतलं असतं तर तुम्ही विंचवर बसला नसता. उद्या तुम्ही सांगता की मी सांगू, तेवढं ठरवा."

"नवऱ्याला सांगितलंस?"

"त्याला माहीत आहे. तो तुमच्या समोर उभा होता. तुम्ही कुठे बघत होता ते त्याला दिसत होतं."

ती आत गेली. मुकादम पायरीवर बसून राहिला. त्याने स्वतःशी बरंच काही घोळवलं. यंत्र चुकू शकतं. दांडा जुना होता. हात घसरला. एकेक वाक्य तोंडात घेऊन बघितलं, कुठलंच बसेना. एकतीस वर्षांत त्याचा हात कधी घसरला नव्हता, आणि हे टोळीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ते तर तो स्वतःच सगळ्यांना सांगत आला होता.

चौकशी कंटेनरमध्येच झाली. सुरक्षा अधिकारी म्हणून बाहेरून एक बाई आल्या होत्या, आवाज मऊ आणि पेन सतत चालू. आधी टोळीतल्या माणसांना विचारलं. रेडिओ खराब होता, असं उंच्याने पुन्हा शपथेवर सांगितलं. मग बाईंनी मुकादमाकडे पाहिलं. चीफ मधेच म्हणाला, "त्यांचा जबाब आहेच. ऐकू आलं नाही म्हणून."

सुनेने फायलीतला कागद बाहेर काढला.

"राहू दे तो," मुकादम म्हणाला. मग बाईंना म्हणाला, "रेडिओ चांगला होता. उंच्या खोटं बोलतोय, माझ्यासाठी. मला ऐकू आलं होतं. ब्रेक लावला आणि सोडला."

"सोडला म्हणजे, सुटला?"

"सोडला."

"कशासाठी?"

"तिने पुन्हा म्हणावं म्हणून."

बाईंचं पेन थांबलं. बाहेर माणसं उभी होती आणि पातळ पत्र्यातून त्यांना सगळं ऐकू जात होतं. पाटीचंही त्याने सांगून टाकलं, कोणी विचारलं नव्हतं तरी. सांगताना त्याने एकदाही सुनेकडे पाहिलं नाही. तिने मात्र कागद बाईंसमोर ठेवला, ठेवू नको म्हटलेलं असूनही.

त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. टोळीने उरलेलं काम उंच्याच्या हाताखाली पुरं केलं. पुढच्या टप्प्यासाठी कंपनीने सहाच माणसं ठेवली. त्यात मुलाचं नाव होतं, यंत्राच्या गाडीत बसायचं काम. बाकीच्यांनी जाताना मुकादमाला भेटायला यायचं म्हणून ठरवलं होतं म्हणे, पण प्रत्यक्षात कोणी आलं नाही. उंच्या रस्त्यात दिसला तेव्हा त्याने रस्ता बदलला. खोटा पडल्याची लाज एक, आणि दुसरं असं की बत्तीस जणांना घालवायला सुनेची तारच पुरेशी होती, पण आता लोक म्हणत होते, मुकादमानेच घालवलं.

पंधरा दिवसांनी मुलगा आणि सून वेगळे राहायला निघाले. दुसऱ्या पेठेत दोन खोल्या मिळाल्या होत्या. मुलाला एका हाताने शर्टाची बटणं लावता येत नव्हती, म्हणून आईही महिनाभर त्यांच्याकडे जाणार होती. टेम्पो दाराशी आला. सून सामान चढवत होती, मुकादमाला जणू भिंत समजून त्याच्या बाजूने ये-जा करत होती. एकदा तो पेटी उचलायला पुढे झाला.

"राहू द्या," ती म्हणाली. "माझं मी नेते."

मुलगा शेवटी आत आला. पट्टी बांधलेला हात छातीशी धरला होता.

"बाबा, एकच विचारायचंय. मी पुढे झालो ते तुम्हाला दिसलं होतं?"

"नाही," मुकादम म्हणाला. "मी तिच्याकडे बघत होतो."

"बघितलं असतं तर?"

"लगेच दाबला असता. आईशप्पथ."

मुलगा दाराशी जाऊन वळला. "आणि तिथे दुसरा कोणी असता तर?"

मुलाने वाट पाहिली, मग डाव्या हाताने दार ओढून घेतलं. टेम्पो सुरू झाला, वळणावर एकदा गिअर अडखळला आणि आवाज गेला.

बायकोने जाताना ओट्यावर चहा-साखरेचे डबे काढून ठेवले होते. किती घालायची ते सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मुकादमाने स्वतःच चहा केला. तो कडू झाला. त्याने तो तसाच प्यायला, कप विसळला आणि पालथा घातला.